एक्केचाळिसाव्या पानावरचा गोलरक्षक

एर्वाल, ८ ऑक्टोबर १९७८

प्रिय ओमेर,

खिळ्यांच्या बुटांचा विटांवरचा तो आवाज तुला अजून ऐकू येतो का? कपडे बदलायच्या खोलीपासून मैदानापर्यंतचा तो अरुंद बोळ, आणि त्यातून एकामागे एक निघालेले आपण अकरा जण. पत्र्यावर गारा पडाव्यात तसा कडकडाट व्हायचा. सगळ्यांत पुढे तू. मग बुटांना गवत लागायचं आणि आवाज एकदम विझायचा. त्या एका क्षणाच्या शांततेनंतर लोकांची गर्जना यायची. मला गर्जनेपेक्षा ती शांतताच जास्त आवडायची. आज पहाटे तोच आवाज ऐकून जागा झालो. खाली दूधवाला बाटल्या ठेवत होता.

इतक्या वर्षांनी माझं अक्षर पाहून चकित झाला असशील. निमित्त असं की आपल्या क्लबला पन्नास वर्षं पूर्ण होताहेत आणि स्मरणग्रंथ लिहायचं काम मंडळींनी माझ्या गळ्यात घातलंय. 'मास्तर, तुमच्याशिवाय कोण लिहिणार?' म्हणाले. शाळेतून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, वेळ आहे, आणि खरं सांगतो, लिहिताना मी पुन्हा पंचवीस वर्षांचा होतो. आपले गुरुवार आठवतात. गुरुवारी शाळेला सुट्टी, म्हणून तू मला गोलमध्ये उभा करायचास आणि खाणीच्या काळ्या डोंगराच्या बाजूने चेंडू हाणायचास. गोलरक्षक जायबंदी झाला तर त्याची जर्सी बचावपटू कोद्राँनं, म्हणजे मीच, चढवायची, असं ठरलेलं होतं ना! आजच्या पोरांना सांगितलं तर हसतात. 'बदली खेळाडू नव्हता? मग करायचात काय, मास्तर?'

तुझा एखादा जुना फोटो आणि चार आठवणी पाठव. एकोणपन्नास साली राष्ट्रीय संघाच्या राखीव यादीत तुझं नाव आलं, त्याची तरी नक्कीच. हस्तलिखित तुझा रेमी टाइप करून देतोय. तोही आता शाळेत शिकवतो, माझ्याच वर्गात, माझ्याच फळ्यावर. सहा वर्षांचा असताना बाकावर उभा राहून तो एक कविता म्हणायचा, ती अजून त्याला तोंडपाठ आहे:

दिवा उंच जळतो कुणाच्या घरी
कुणी वाट पाहे किनाऱ्यावरी

दुसरीच्या पुस्तकातली साधी कविता, पण काय चाल आहे तिला! उत्तर पाठव.

तुझा जुना सोबती,
एव्हारीस्त

॰

कॅले, १५ ऑक्टोबर

एव्हारीस्त,

पत्र मिळालं. अक्षर तसंच सुरेख आहे.

फोटो नाहीत. एक होता, संसार मोडला तेव्हा तो जॉर्जेतनं घराबाहेर काढला, माझ्या पाठोपाठ. तुझे दूधवाले, गारा, शांतता सगळं वाचलं. मला आवाज आठवतो तो वेगळा. पुढं चुन्याच्या भट्टीवर कामाला लागलो, तेव्हा माझी सायकल फाटकातून आत आली की तिथली माणसं तोंडानं बूच उघडल्याचा आवाज काढायची, तो. 'पिंप आलं रे, पिंप!' पेपरवाल्यानं लिहिलं होतं ना, 'आपल्या गोलमध्ये दोन खांब होते आणि मध्ये एक पिंप.' छान वाक्य होतं. तुझ्यासारख्या माणसाला आवडलं असेल.

राखीव यादी नको. एकोणपन्नास साल नको. मी रोखलेल्या पेनल्टी नकोत. तुझ्या पुस्तकात मला एकच वाक्य हवं. मी सांगतो ते लिहून घे:

'११ फेब्रुवारी १९५१ रोजी आमियांच्या मैदानावर ओमेर ब्लँकार प्यायलेला नव्हता. अकराव्या मिनिटाला त्याच्या डोक्याला मार लागला होता.'

बस. यात एकही कडवं नाही.

आणि हे वाक्य मला का हवं, तेही सांगतो. गावासाठी नको. गावातले अर्धे मेले, उरलेल्यांना मी मेलेला. पण पुस्तक रेमी टाइप करतोय असं तूच लिहिलंस. ते वाक्य एकदा त्याच्या बोटांखालून जाऊ दे. शाळेच्या आवारात 'पिंपाचं पोर' म्हणून मार खायचा तो, आणि तू त्याला आत नेऊन कविता शिकवायचास, हे जॉर्जेतनं मला सांगितलं होतं. वीस वर्षं त्यानं मला एक ओळ पाठवली नाही. ती ओळ त्याला टाइप करू दे.

किनाऱ्यावर कोण वाट बघतंय ते तुला ठाऊक आहेच. कॅले किनाऱ्यावरच आहे.

ओमेर

॰

एर्वाल, २७ ऑक्टोबर

प्रिय ओमेर,

तुझ्या पत्रानं मला दोन दिवस लिहू दिलं नाही. किती कडवट झालास रे! तो हसरा, हातात चेंडू आला की शीळ घालणारा ओमेर कुठे गेला?

माझं ऐक. हा ग्रंथ म्हणजे उत्सव आहे. खाण पुढच्या वर्षी बंद होणार म्हणतात. लोकांना आता आनंदाचं काहीतरी हवंय. त्यात सत्तावीस वर्षांपूर्वीचा चिखल ढवळून कुणाचं भलं? मंडळ तर तो सामना वगळायलाच सांगत होतं. मी भांडून ठेवलाय. 'त्या दुर्दैवी दुपारी' असं काहीसं लिहिणार आहे. 'दुर्दैवी' या शब्दात सगळं येत नाही का? दैव कुणाचंही असतं.

आणि ओमेर, तुझ्यापासून काय लपवू, माझ्याच डोळ्यांसमोर ती दुपार धुक्यासारखी झालीय. बर्फ होता हे आठवतं. काळ्या झाडांवर कावळे होते. आमियांपर्यंत दोन खास गाड्या भरून आपली माणसं आली होती आणि परतताना कुणीही गात नव्हतं. मार लागला होता का? लागला असेल, तुम्हा गोलरक्षकांना तो रोज लागायचा. पण वास येत होता, हे तूही नाकारणार नाहीस.

रेमीविषयी काळजी करू नकोस. तो सुखात आहे. त्याची धाकटी, अलीन, चार वर्षांची झाली. मला आजोबा म्हणते. मला मूलबाळ नाही, म्हणून मी तिला म्हणू देतो, राग मानू नकोस.

तुझा,
एव्हारीस्त

॰

कॅले, २ नोव्हेंबर

एव्हारीस्त,

आज मृतांचा दिवस. सगळं कॅले शेवंतीच्या कुंड्या घेऊन दफनभूमीकडे चाललंय. मला इथं कुणाचं थडगं नाही, म्हणून तुला लिहायला बसलो.

तुझं धुकं मी दूर करतो. मला लख्ख दिसतंय. डोक्यात त्या दिवशी जे गेलं ते सोडून बाकी सगळं.

अकरावं मिनिट. डावीकडून कॉर्नर आला. मी ओरडलो, 'माझा!' तरी तू उडी मारलीस. तुझा गुडघा माझ्या उजव्या कानामागे बसला. तुझाच, कारण पडता पडता तुझ्या पायमोज्याचं भोक मी पाहिलं. तू मुद्दाम केलंस असं मी कधी म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. चेंडू दोघांनाही हवा होता.

मग आपला प्रशिक्षक ग्रूबर धावत आला. बादलीतला स्पंज गोठून दगड झाला होता. 'थांब पोरा,' म्हणाला, आणि ओव्हरकोटातून स्वतःची जिनची बाटली काढली. अर्धी जखमेवर ओतली, उरलेली माझ्या दातांमधून आत. जर्सी गळ्यापासून पोटापर्यंत भिजली. तू गुडघ्यावर बसून माझं डोकं धरलं होतंस. म्हणून म्हणतोस, वास येत होता. तुझ्या बाह्यांनाही येत होता, मास्तर.

त्यानंतर मला दोन चेंडू दिसायला लागले. मी जो खरा वाटेल त्यावर झेप घ्यायचो. दोनदा चुकीचा निवडला. मध्यंतराला भिंतीला टेकून बसलो होतो, डोळे मिटलेले. सगळ्यांना वाटलं मी काही ऐकत नाहीये. ग्रूबर तुला म्हणाला, 'कोद्राँ, जर्सी चढव. हा पोरगा कामातून गेलाय.' आणि तू म्हणालास, 'ओमेर ठीक आहे. मी आत्ता बोललो त्याच्याशी.'

तू माझ्याशी एक शब्दही बोलला नव्हतास.

दुसऱ्या अर्धात आणखी तीन गोल झाले. सोमवारी मंडळापुढं ग्रूबर गप्प बसला; बाटली त्याची होती, नोकरी गेली असती. तू बोललास. काय बोललास ते मला आत न बोलावताच कळलं.

पुढचं गावाला माहीत आहे. खेळाडू पस्तिशीपर्यंत क्लबचा, असा तेव्हाचा करार. मला सोडलं नाही, खेळवलंही नाही. सत्ताविसाव्या वर्षी माझ्या हातात चुन्याची बादली दिली आणि मैदानावर रेषा मारायला लावलं. ज्या गोलसमोर मी उभा राहायचो, त्याची पांढरी रेषा मी चार वर्षं मारली. आधी नाव पडलं, मग प्यायला लागलो. हेही लिहून ठेव: आमियांला प्यायलो नव्हतो, पण त्यानंतर सहा वर्षं काही उणीव ठेवली नाही. रेमीनं पाहिला तो ओमेर खरोखरच पिंप होता. जॉर्जेतनं दार लावून घेतलं, तिचा दोष नाही. बहात्तर साली तिच्या अंत्ययात्रेत मी सगळ्यांच्या मागं होतो. रेमी पुढं होता. तुझा हात धरून.

गुडघा कुणाचा हे मी जॉर्जेतलाही सांगितलं नाही. मला वाटायचं, एव्हारीस्त स्वतः सांगेल. आज नाही तर पुढच्या गुरुवारी.

आता सौदा ऐक. तुझं नाव नको. 'एका सहकाऱ्याचा गुडघा' असंही नको. मध्यंतर नको. फक्त मार लागला होता आणि जिन जखमेवर ओतली होती. ग्रूबर मेला, त्याला काही होत नाही. तुझं काही जात नाही. रेमीला फक्त एवढं कळू दे की वास का येत होता.

ओमेर

॰

एर्वाल, २० नोव्हेंबर

प्रिय ओमेर,

अठरा दिवस उत्तर दिलं नाही. हे पत्र चार पानांचं होणार आहे, शेवटपर्यंत वाच.

गुडघा माझा होता.

इतकं छोटं वाक्य, आणि लिहायला सत्तावीस वर्षं लागली. तुझा 'माझा!' मी ऐकला होता. ऐकूनही उडालो. प्रेक्षकांत तपकिरी टोपी घातलेला एक माणूस बसला होता, पॅरिसच्या एका मोठ्या क्लबनं बचावपटू बघायला पाठवलेला. त्याला दिसावं म्हणून उडालो. आणि मध्यंतराला ग्रूबरनं विचारलं तेव्हा त्या टोपीसाठीच नाही म्हणालो, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. महत्त्वाकांक्षा हा निदान ऐटबाज गुन्हा वाटतो. पण खरं सांगू? मला भीती वाटली. एवढ्या लोकांपुढे गोलमध्ये एकट्यानं उभं राहायची. माझे हात कापत होते म्हणून मी ते काखेत दाबून धरले होते, आणि ग्रूबरला वाटलं मला थंडी वाजतेय. मी म्हणालो, 'ओमेर ठीक आहे.' तू डोळे मिटून बसला होतास. माझ्या मनात आलं, चला, याला ऐकू आलं नाही.

सोमवारी अध्यक्षांनी विचारलं, 'कोद्राँ, तुम्ही त्याच्या अगदी जवळ होतात. वास येत होता?' मी म्हणालो, 'येत होता.' कुठून येत होता, असं कुणी विचारलं नाही. मी खोटं बोललो नाही, ओमेर. या एका आधारावर मी तीस वर्षं मुलांना शिकवलं की खोटं बोलू नये.

तपकिरी टोपीवाल्यानं मला कधी बोलावलं नाही. पाच गोल खाणाऱ्या संघाचा बचावपटू कशाला नेतील?

रेमी शाळेत आला तेव्हा मला वाटलं, याला मी भरपाई करीन. बापाच्या बदल्यात कविता देईन. आधी फेड म्हणून त्याला जवळ केलं. पुढे ते पोर कधी माझंच झालं मला कळलं नाही. त्याचं लग्न जुळवलं मी. रविवारी माझ्या ताटात बटाटे तो वाढतो. 'मास्तर, तुम्ही नसतात तर मी कोळशात गेलो असतो,' म्हणतो. आता सांग, तुझं वाक्य त्याच्या बोटांखालून कसं जाऊ देऊ? तुला वाटतं त्यात माझं नाव नसेल. पण तो हुशार आहे, मीच केलाय. तो विचारेल, 'मास्तर, तुम्ही तर तिथे होतात, मग इतकी वर्षं मला का सांगितलं नाहीत?' 

म्हणून नाही लिहिलं. पुस्तक १४ तारखेलाच छापायला गेलं. तुझी प्रत वेगळी पाठवतोय.

आणखी एक कबुली. रेमीनं तुझ्या पत्रांवरचा कॅलेचा शिक्का पाहिला. माझी झोप उडालीय, जेवण जात नाही, हेही त्यानं पाहिलं. 'ते काय लिहितात तुम्हाला?' म्हणून हात पुढे केला. मी पत्रं शेगडीत टाकली. म्हणालो, 'काही नाही रे, तुझे वडील जुनं उकरून काढताहेत.' एवढंच. तुझ्याविरुद्ध एक शब्द नाही बोललो.

पण तुला मी आज सगळं सांगितलंय, ओमेर. आपल्या दोघांत तरी आता सत्य आहे. म्हाताऱ्या माणसांना तेवढं पुरत नाही का?

तुझा,
एव्हारीस्त

॰

कॅले, ३ डिसेंबर

मास्तर,

तुझी चार पानं आणि तुझं पुस्तक एकाच आठवड्यात आलं. आधी पुस्तक वाचलं. पान एक्केचाळीस. 'त्या दुर्दैवी दुपारी आपल्या गोलरक्षकाला सूर सापडला नाही.' नाव देखील नाही. खाली तळटीप नाही. पुढच्याच ओळीत आमियांच्या झाडांवर कावळे. कावळ्यांना तू तीन ओळी दिल्यास.

मग पानं वाचली. छान लिहिलंयस. काखेतले हात वगैरे. पण एक सांग, ही कबुली तू मला कशाला पाठवलीस? मी तिथं होतो. गुडघा माझ्याच कानामागे बसला होता. जगात एकच माणूस असा आहे ज्याला हे सांगायची गरज नाही, आणि तू निवडून त्यालाच सांगितलंस. पाप धुवायला पाणी हवं म्हणून माझ्याच विहिरीवर आलास.

शेजारची लुसिएन बाई म्हणाली, 'ब्लँकार, पाठवून द्या ना तुमच्या मुलाला! सही आहे खाली, तारीख आहे, आणखी काय पाहिजे?' खरंच आहे. पाकीट आणलं. रेमीचा पत्ता घातला. तिकीट लावलं. मग पाकीट तसंच समोर ठेवून तीन दिवस बसलो.

बसून हिशेब लागला तो असा. पानं पाठवली तर रेमीला बाप मिळेल. चौपन्न वर्षांचा, हात थरथरणारा, दोन खोल्यांत राहणारा. आणि ज्यानं त्याला वाढवलं तो जाईल. अलीनचा आजोबा जाईल. रविवारची बटाट्यांची ताटं जातील. तेहतिसाव्या वर्षी माणसाला खरा बाप हवा की असलेला? गोलरक्षकाला एवढं कळतं: चेंडू हातात असताना दुसऱ्याच्या मागं झेप घेऊ नये. त्याच्या हातात तू आहेस. राहा.

तेव्हा पाकिटात काही घालत नाही. तुझी पानं संध्याकाळी शेगडीत टाकीन, तू माझी टाकलीस तशी. तुझ्यासाठी नाही. तुझ्यावर मी जिवंत आहे तोवर थुंकेन. त्या पोरासाठी. आमियांनंतर हा एकच चेंडू मी अडवतोय आणि तो बघायला कुणी नाही.

यापुढे लिहू नकोस.

ओमेर

पत्र बंद करणार होतो. थांब.

दार वाजलं. लुसिएन बाई असेल म्हणून तसाच चपलांवर गेलो. रेमी आहे.

केस पुढून विरळ झालेत. जॉर्जेतची हनुवटी. मला बघून एक पाऊल मागं सरला. म्हणाला, 'मी आत येणार नाही. गाडी चालू ठेवलीय.' मी म्हणालो, 'बरं.'  तो म्हणाला, 'तुम्ही मास्तरांना पत्रं लिहिणं बंद करा. माणूस खंगत चाललाय. रात्रंदिवस घरात येरझाऱ्या घालतात, मी विचारलं की डोळे पुसतात. काय पाहिजे काय तुम्हाला त्यांच्याकडून?'

मी म्हणालो, 'काही नाही. आता काही नको. शेवटचं पत्र आहे, आजच टाकतो.'

'आणि एक सांगतो,' तो म्हणाला, 'त्यांनी मला आयुष्यात कधी तुमच्याविरुद्ध एक शब्द ऐकवला नाही. एक शब्द नाही! तुम्ही असे, तरीसुद्धा. त्यांच्याकडून काही शिकला असतात तर आई दार लावून बसली नसती.'

मग खोकला आला त्याला. समुद्रावरून वारा असा येतो की दारात उभं राहवत नाही. खोकत खोकत म्हणाला, 'जरा पाणी मिळेल?' मी म्हणालो, 'आणतो.' तो म्हणाला, 'तुम्ही नका धावू, मी येतो आत. दोनच मिनिटं.'

गाडी बंद करायला गेलाय. टेबल आवरायला म्हणून मी पुढं आलो, तुझी चार पानं उचलायला. वरच्या पानावर तुझं ते सुरेख अक्षर आहे, त्यानं जन्मभर गिरवलेलं.

उचलत नाही, एव्हारीस्त. तो पायपुसण्यावर बूट पुसतोय.